बाह्य कमांड (प्रोग्रामातून चालवणे)

चालू प्रोग्रामाने कार्यप्रणालीकडून दुसरा स्वतंत्र प्रोग्राम सुरू करवून घेणे व त्याचा निकाल वापरणे. फायली झिप करणे, छायाचित्रे लहान करणे यांसाठी तयार साधने असतात. तीच पुन्हा लिहीत बसण्यात हशील नसते.

युनिक्सच्या परंपरेत हे काम दोन टप्प्यांत होते. ‘फोर्क’ चालू प्रक्रियेची प्रत काढते, ‘एक्झेक’ त्या प्रतीच्या जागी नवा प्रोग्राम आणते. मूळ प्रक्रिया त्याच्या समाप्तीची वाट पाहून एक आकडा घेते. ० म्हणजे काम फत्ते. शेलने (कमांडची ओळ वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्रामाने) १२७ दिला तर ती कमांडच सापडलेली नाही. पुष्कळ प्रोग्रामर हा आकडा तपासतच नाहीत, आणि अर्धवट झालेले काम पूर्ण समजून पुढे जातात. विंडोजमध्ये ‘क्रिएटप्रोसेस’ एवढी एकच हाक पुरते.

सी भाषेतील ‘सिस्टिम’ हे फंक्शन अख्खी ओळ शेलच्या हवाली करते. सोय मोठी, पण घोटाळाही इथेच. फायलीचे नाव ‘आदिलाबाद कापूस’ असेल आणि ते अवतरणचिन्हांत नसेल, तर शेल रिकाम्या जागेवर ते तोडते आणि कमांड दोन फायली शोधू लागते. नाव परक्या माणसाने भरलेले असेल व त्यात अर्धविराम असेल, तर पुढचा मजकूर नवी कमांड म्हणून चालतो. याला ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात.

अशा घोटाळ्याचा दोष फायलीच्या नावाच्या लिपीवर ढकलण्याची सवय मात्र चुकीची आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत आली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, या लिपीचे ४. त्यांतला एकही बाइट शेलच्या अर्धविरामाशी किंवा रिकाम्या जागेशी जुळत नाही. लिनक्सला फायलीचे नाव म्हणजे बाइटांची ओळ. त्यामुळे गोंडी नावही सुखरूप पोचते.

पायथॉनच्या २.४ या आवृत्तीत (२००४) आलेले ‘सबप्रोसेस’ मॉड्यूल कमांड आणि तिचे घटक सुट्या यादीत घेते; मुद्दाम सांगितल्याशिवाय शेल मध्ये येत नाही, त्यामुळे वरचा घोटाळा टळतो. भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत सोय असेल तर ती आधी वापरावी. बाहेरची कमांड लागलीच तर घटक यादीनेच द्यावेत.