खिडकी उघडी ठेवून तापवलेली घरे

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत भर जानेवारीत खिडक्या सताड उघड्या दिसतात. आत रेडिएटर फुत्कारत असतो, पाइप ठणाठण वाजत असतात आणि भाडेकरू घामाघूम झालेला असतो. त्याच इमारतीत टोकाच्या खोलीतला दुसरा भाडेकरू मात्र अंगावर दोन स्वेटर चढवून घरमालकाच्या नावाने खडे फोडत असतो. यंत्रणा जुनी झाली, बिघडली, असेच कोणीही म्हणेल. पण या यंत्रणेचा इतिहास पाहिला, तर अतिरेकी उकाडा हा बिघाड ठरत नाही, तो मूळ योजनेचाच भाग होता. आणि जे खरोखर बिघडले आहे, त्यातले बरेचसे पुढच्या पिढ्यांनी केलेल्या सुधारणांमुळे बिघडले आहे.

एका पाइपची वाफेची यंत्रणा तत्त्वतः अगदी साधी असते. तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी उकळते, वाफ आपसूक वर चढते आणि रेडिएटरमध्ये शिरते. तिच्या पुढची हवा रेडिएटरच्या टोकाच्या बोटभर आकाराच्या एअर व्हेंटमधून बाहेर पडते. तोच तो फुत्कार. लोखंडाला उष्णता देऊन वाफेचे पाणी होते आणि ते आल्या वाटेनेच खाली उतरते. पंप नाही की पंखा नाही. सगळी भिस्त उतारावर. नेल्सन बंडीने 1872 मध्ये ओतीव लोखंडाचा रेडिएटर बाजारात आणल्यावर हा प्रकार झपाट्याने पसरला. 1882 मध्ये तर दक्षिण मॅनहॅटनमध्ये रस्त्याखालच्या नळांतून वाफ विकली जाऊ लागली. धंदा इतका भरभराटीला आला की 1924 साली अमेरिकन रेडिएटर कंपनीने ब्रायंट पार्कसमोर काळ्या विटांची, सोनेरी शिरोभागाची उंच इमारत बांधली.

मग हे रेडिएटर एवढे अवाढव्य का? याचे उत्तर हवेच्या भीतीत सापडते. 1860 च्या दशकात लुइस लीड्स फिलाडेल्फियात व्याख्याने देऊन सांगत होता की बंद खोलीत माणसाचा स्वतःचाच श्वास त्याचा वैरी होतो. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या भगिनींनी 1869 च्या आपल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात गृहिणींना हेच बजावले. पुढे क्षयाने आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने मोकळ्या हवेचा आग्रह आणखी वाढवला. वाफेच्या यंत्रणांचे अभ्यासक डॅन होलोहान यांनी त्या काळातली अभियंत्यांची पुस्तके धुंडाळून दाखवून दिले आहे की बॉयलर आणि रेडिएटरची मापे वर्षातला सर्वांत थंड दिवस आणि उघड्या खिडक्या असा दुहेरी हिशेब धरून ठरवली जात. म्हणजे आजचा भाडेकरू वैतागून खिडकी उघडतो, तेव्हा तो नकळत अभियंत्याच्या अपेक्षेप्रमाणेच वागत असतो!

यावर कोणी म्हणेल की ही गोष्ट जरा जास्तच गोळीबंद आहे. कोळसा स्वस्त होता, भिंतींतून गारवा शिरत होता, तक्रार नको म्हणून अभियंता दोन माप जास्तच धरणार. त्याला साथीच कशाला हव्यात? हा आक्षेप पुष्कळसा मान्य करायला हवा. सगळे श्रेय एकट्या 1918 सालाला देणे चुकीचेच आहे. तरीही नुसत्या कसर धरण्याने उघडी खिडकी हिशेबात येत नाही, तिला मुद्दाम जागा द्यावी लागते. पुढे लोक खिडक्या बंद करू लागले तेव्हा रेडिएटर आवरायचे कसे हा प्रश्न आलाच. त्यावर चंदेरी रंगाचा उपाय निघाला. धातूची भुकटी असलेला रंग दिला की रेडिएटरची उष्णता साधारण पाचव्या हिश्शाने घटते, हे मिशिगन विद्यापीठात जॉन ॲलन यांच्या प्रयोगांत दिसले होते. जुन्या घरांतली ती चंदेरी धुडे केवळ शोभेसाठी रंगवलेली नाहीत.

खरे बिघाड सुरू होतात ते इंधन बदलल्यावर. कोळशाची भट्टी तासन् तास संथपणे जळत राही, त्यामुळे हवेला सावकाश बाहेर पडायला वेळ मिळे. तेलाचा बर्नर थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर पेटतो आणि विझतो. व्हेंट मात्र जुन्या चालीचेच राहिले. वाफ टोकाच्या खोलीपर्यंत पोचायच्या आतच बर्नर बंद! मग कोणीतरी बॉयलरचा दाब वाढवतो, हा तर हमखास चुकीचा इलाज. घरगुती यंत्रणेला चौरस इंचाला दोन पौंडही दाब पुरतो. त्याहून फार वाढला तर काही व्हेंट बंद होतात ते उघडतच नाहीत, हवा आतच कोंडते आणि थंड रेडिएटर थंडच राहतो. ॲस्बेस्टॉस घातक म्हणून पाइपांवरचे वेष्टण काढले, ते योग्यच झाले. पण त्या जागी दुसरे न चढवल्याने वाफेचे वाटेतच पाणी होऊ लागले. त्यात जमीन खचून रेडिएटरचा उतार गेला की पाणी तळाशी साचते, वेगाने येणारी वाफ त्याचा गोळा उचलून कोपऱ्यावर आदळते, आणि रात्री दोन वाजता अख्खी इमारत जागी होते. उकाडा कमी करायला व्हॉल्व्ह अर्धवट फिरवला तरी हेच होते. तो पूर्ण उघडा तरी हवा, नाही तर पूर्ण बंद.

कारागिराला इतिहास कशाला, पाना पुरे, असे म्हणणारे इथेच फसतात. पान्याने व्हेंट बदलता येतो; कोणता व्हेंट घालायचा हे ठरवायला मात्र ती यंत्रणा कोणत्या इंधनासाठी मांडली होती, हे माहीत असावे लागते. कायद्यानेही पेच सुटत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात, बाहेर 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की दिवसा घरात किमान 68 अंश ठेवणे न्यूयॉर्कच्या घरमालकावर बंधनकारक आहे. तो बॉयलर चालवतो सर्वांत थंड खोलीच्या हिशेबाने, आणि जास्तीची ऊब बाकीच्यांच्या खिडक्यांतून बाहेर जाते. आता भिंतींना आवरण घालून हीट पंप बसवायचे बेत चालू आहेत. कोमट पाण्यावर घर तापवायचे तर मोठेच रेडिएटर लागतात, आणि ते इथे आयते आहेत. अडचण एवढीच की पाणी फिरवायला जायची आणि यायची वाट वेगळी लागते, आणि एका पाइपच्या इमारतीत दुसऱ्या पाइपासाठी प्रत्येक मजल्याची जमीन फोडावी लागते.