न बोलणाऱ्या देहाची भाषा

परळच्या केईएम रुग्णालयाचं नाव निघालं की गिरणगावातल्या जुन्या माणसांना केसपेपरची रांग आठवते. मला आठवते ती वॉर्ड क्रमांक चारलगतची एक खोली. ती मी पाहिलेली नाही. पण तिथं जवळजवळ ४२ वर्षं जे घडलं, तो या शहराच्या इतिहासाचा भाग आहे.

अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या, केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं त्यांच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. जीव वाचला, वाचा गेली, हालचाल गेली. मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. पुढं १९८०च्या दशकात महापालिकेनं त्यांना दुसरीकडं हलवायचं ठरवलं, तेव्हाही परिचारिका आडव्या आल्या आणि तो बेत रद्द झाला.

ही माया झाली. पण नुसत्या मायेनं रुग्ण जगत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा, माकडहाड, खुबे यांवर सतत दाब पडतो, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि शय्याव्रण होतात. त्यांनाच आपण बेडसोअर म्हणतो. जखम दिसायच्या आधी कातडी लालसर होते. बोटानं दाबल्यावर लाली क्षणभर गेली तर ठीक, नाही गेली तर आत इजा सुरू झाली असं समजावं. म्हणून ठरावीक वेळानं, सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी, कूस बदलायची.

माझी अम्मी आजारी होती, तेव्हा मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होतो. पहाटे सिस्टर आल्या, चादर सारली, टाचेवर बोट दाबलं आणि पायाखाली उशी सरकवली. मी रात्रभर अम्मीच्या चेहऱ्याकडं बघत होतो, टाचेकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. पाहणं आणि पारखणं यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

अरुणाताईंना तर 'दुखतंय' असंही सांगता येत नव्हतं. त्यांचं सुखदुःख ओळखायचं ते चेहऱ्यावरून, आवाजावरून. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, हळुवार स्पर्शानं शांत होतात, मासे आणि चिकन सूप त्यांना आवडतं, हे सारं सिस्टरांनीच हेरलं होतं. २०१०च्या सप्टेंबरपर्यंत त्यांना तोंडानं भरवलं जायचं. मग ताप आला, गिळणं कमी झालं आणि नाकातून नळी घालावी लागली.

लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. असं जगणं लादू नये, अशी त्यांची मागणी होती. तीही कळवळ्यापोटीच होती, असं मला वाटतं. न्यायालयानं नेमलेल्या तीन डॉक्टरांनी जानेवारी २०११मध्ये अरुणाताईंना तपासलं. इतक्या वर्षांनंतरही अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. विराणींची मागणी नामंजूर झाली, मात्र विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या संमतीनं, उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच खुली झाली. आणि अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयानं म्हटलं.

अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही. तो सल निकालानंही गेला नाही. पण ज्यांच्या निरीक्षणाची नोंद 'सेवाभाव' या एका शब्दात उरकली जाते, त्या सिस्टरांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ऐकून घेतलं.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं अरुणाताई गेल्या. या बायकांपैकी पुष्कळजणी १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या. अरुणाताईंना बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण त्यांना काय हवं-नको ते त्यांना कळत असे.