एम ८२ : तारानिर्मितीचा इतिहास

सप्तर्षी तारकासमूहातील स्टारबर्स्ट, म्हणजे झपाट्याने तारे घडवणारी, दीर्घिका. एनजीसी ३०३४ किंवा ‘सिगार दीर्घिका’ या नावांनीही परिचित. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे. योहान बोडे यांनी १७७४ मध्ये शेजारच्या एम ८१ या दीर्घिकेबरोबरच तिचा शोध लावला. तिच्यात दरवर्षी एकूण सूर्याच्या सुमारे दहापट वस्तुमानाचे तारे जन्मतात. तिच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या आपल्या आकाशगंगेत हा वेग जेमतेम एक-दोन सूर्यांएवढा आहे.

या तेजीला एम ८१ शी झालेली जवळीक कारणीभूत मानतात. या दोन दीर्घिका आणि शेजारची एनजीसी ३०७७ ही दीर्घिका यांना जोडणारे हायड्रोजनचे लांबच लांब पट्टे १९९४ च्या रेडिओ नकाशात स्पष्ट दिसले.

अशा दीर्घिकेचा भूतकाळ ताऱ्यांच्या आयुर्मर्यादेवरून काढतात. अतिजड तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात. म्हणून त्यांच्या अतिनील किरणांनी आयनीभूत झालेला वायू अगदी ताज्या निर्मितीची खूण ठरतो. लाल महाराक्षसी तारे साधारण एक कोटी वर्षांमागची निर्मिती दाखवतात. त्याहून जुना काळ तारकागुच्छांच्या रंगांवरून ताडावा लागतो, आणि खरी अडचण तेथे येते. म्हातारा गुच्छ तांबूस दिसतो आणि धुळीआडचा तरुण गुच्छही तांबूसच दिसतो. चकतीतील ‘ब’ विभागाचे उदाहरण बोलके आहे. २००१ मध्ये तेथील गुच्छनिर्मितीचा भर सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीचा ठरवून त्याचा संबंध एम ८१ च्या भेटीशी जोडण्यात आला होता. हबल दुर्बिणीने अतिनील प्रकाशाजवळच्या तरंगलांबीत घेतलेली निरीक्षणे हाती आल्यावर २००७ मध्ये तोच काळ सुमारे १५ कोटी वर्षांवर आला. म्हणूनच या दीर्घिकेबाबत कोणतेही वय स्वीकारण्यापूर्वी धुळीचा हिशेब कसा केला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

गाभा तर धुळीने पुरता झाकलेला आहे. त्याचा अभ्यास मुख्यतः अवरक्त प्रकाशात होतो. नताशा फर्स्टर श्रायबर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तेथे दोन भर वेगळे काढले. पहिला, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा, केंद्रभागात. दुसरा, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीचा, केंद्राभोवतीच्या कड्यात आणि ताऱ्यांच्या दंडाकार पट्ट्याच्या बाजूने. दोन्ही भर काही दशलक्ष वर्षांतच ओसरले. जड ताऱ्यांचे वारे आणि त्यांचे अतिदीप्त नवतारारूपी स्फोट सभोवतालचा वायू उधळून देतात, म्हणजे तारानिर्मितीच स्वतःचे इंधन तोडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चकतीला लंब दिशेने निघालेले हायड्रोजनचे तंतू हा याच उधळणीचा भाग. लिंड्स आणि सँडेज या खगोलशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मात्र ते केंद्रातील एकाच महास्फोटाचे फलित मानले होते.

गाभ्यात जड ताऱ्यांच्या अशा अतिदीप्त नवताऱ्यांचे अनेक रेडिओ अवशेष आहेत. २००८ आयझेड हा अतिदीप्त नवतारा रेडिओ निरीक्षणांतच सापडला. दृश्य प्रकाशात तो धुळीने लपवला. जानेवारी २०१४ मध्ये दिसलेला तेजस्वी अतिदीप्त नवतारा २०१४ जे मात्र जड ताऱ्याचा नव्हे, तर श्वेत बटूचा स्फोट होता. त्यामुळे अलीकडच्या तारानिर्मितीचा पुरावा म्हणून तो धरता येत नाही.