मोबाईलमधले एसएमएस मेमरी कार्डवर किंवा पेनड्राइव्हवर कसे जपून ठेवतात?

स्मार्टफोनवर आलेले एसएमएस फोनच्या आतल्या मेमरीत राहतात. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा दुकानात रिसेट झाला, की तेही जातात. त्यांची वेगळी प्रत मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह किंवा संगणकावर काढून ठेवणे म्हणजे एसएमएसचा बॅकअप. फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप बहुतेकांना माहीत असतो. एसएमएसची पेटी मात्र ओटीपी आणि जाहिराती येण्याची जागा म्हणून दुर्लक्षित राहते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हे दुर्लक्ष महागात पडू शकते, कारण खात्यावर पैसे जमा झाल्याचा हाताशी असलेला एकमेव लेखी पुरावा अनेक घरांत हा एसएमएसच असतो.

एका मेसेजची किंमत

पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता, लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये, रोजगार हमीची मजुरी, बुलेट ट्रेन किंवा मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला, हे सगळे आता थेट बँक खात्यात जमा होते. पाड्यावरून बँकेच्या शाखेत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि जीपचे भाडे वेगळे. त्यामुळे बरेच जण गावातल्या बँक मित्राकडे आधार क्रमांक देऊन, अंगठा लावून पैसे काढतात. पासबुक महिनोन् महिने छापले जात नाही.

अशा व्यवहारात एसएमएस दोनदा येतो. पैसे जमा झाल्यावर एकदा, काढल्यावर एकदा. अंगठा लावल्यावर हातात १,००० रुपये पडले आणि मेसेजमध्ये ३,००० वजा झालेले दिसले, तर गडबड तिथेच कळते. पुष्कळदा ती कळते सहा-आठ महिन्यांनी, घरातल्या शिकलेल्या मुलाने पासबुक पाहिल्यावर. तोवर फोन बदललेला असतो, किंवा 'हँग होतो' म्हणून दुकानदाराने तो रिसेट करून दिलेला असतो.

स्थलांतराने यात भर पडते. वीटभट्टीवर, बोटीवर किंवा सीमेपलीकडच्या उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला गेलेला माणूस तिकडे दुसरे सिम घेतो. गावाकडचा नंबर रिचार्जविना पडून राहतो आणि शेवटी बंद होतो. बंद नंबर काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो, आणि बँकेत तोच नंबर नोंदलेला राहिला तर पुढचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात पडू शकतात. बॅकअप घेताना बँकेत नोंदलेला नंबर आपल्याच ताब्यात आहे ना, हेही म्हणूनच पाहून घ्यावे.

मेसेज राहतो कुठे?

'सिम काढून जपून ठेवले की मेसेज सुरक्षित' हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. स्मार्टफोन मेसेज सिमवर ठेवतच नाही. सिममध्ये जागा असते ती जेमतेम काही डझन मेसेजची, आणि तिचा वापर जुन्या की-पॅडच्या फोनांमध्ये होत असे. उलट सिम काढले किंवा बदलले तरी आधी आलेले मेसेज फोनमध्ये जागेवरच राहतात.

अँड्रॉइड फोनमध्ये सगळे एसएमएस एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतात. ती फाइल सिस्टिमच्या बंदिस्त भागात असल्याने फाइल मॅनेजरमधून दिसत नाही. त्यामुळे फोटोसारखे 'कॉपी करून कार्डवर टाका' हे एसएमएसच्या बाबतीत जमत नाही, एखादे ॲप मध्ये लागते. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून आणखी एक नियम आहे. मेसेज वाचण्याची परवानगी इतर ॲपला देता येते, पण मेसेज लिहिण्याचा, म्हणजे परत भरण्याचा, अधिकार फक्त मुख्य मेसेज ॲपला असतो. मेसेज परत भरताना बॅकअपचे ॲप 'मला थोडा वेळ मुख्य ॲप करा' असे विचारते ते यामुळे. ती परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर आधीचे ॲप पुन्हा मुख्य करावे. हे राहून गेले तर नवे मेसेज दिसण्यात घोळ होतो.

मोठा आवाज करत पडद्यावर झळकणारे आपत्तीचे इशारे मात्र एसएमएस नसतात. टॉवर ते त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदम पाठवतो. असा संदेश मेसेजच्या पेटीत येत नाही आणि बॅकअपमध्येही जात नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के अनुभवलेल्या या पट्ट्यात असा इशारा नोंद म्हणून ठेवायचा असेल, तर स्क्रीनशॉट काढणे हाच सोपा मार्ग. बऱ्याच फोनांत सेटिंगमधल्या आपत्कालीन इशाऱ्यांच्या भागात जुने इशारेही पाहता येतात.

कार्डवर प्रत काढताना

अँड्रॉइडसाठी सर्वाधिक वापरले जाणारे ॲप म्हणजे 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर'. ते मोफत आहे आणि प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. एसएमएस वाचू शकणारे ॲप ओटीपीही वाचू शकते, म्हणून गूगलने २०१८ च्या शेवटी ही परवानगी मागणाऱ्या ॲपवर कडक निर्बंध आणले. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली ॲपची फाइल बॅकअपच्या नावाखाली कधीच टाकू नये. बँक खाते रिकामे करणाऱ्या टोळ्यांचा हा ठरलेला रस्ता आहे.

ॲप उघडून बॅकअप सुरू केला, की काय घ्यायचे (मेसेज, कॉलची यादी) आणि कुठे ठेवायचे हे विचारले जाते. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर त्यावर आपणच एक फोल्डर तयार करून तो निवडावा. कार्डाची खाच नसेल, जी आता अनेक फोनांत नसते, तर आधी फोनच्या मेमरीत प्रत काढून ओटीजी केबलने जोडलेल्या पेनड्राइव्हवर ती फाइल कॉपी करावी. टाइप-सी तोंडाचा पेनड्राइव्ह असेल तर केबलही लागत नाही. फाइलच्या नावात बॅकअपची तारीख आणि वेळ आकड्यांत असते, त्यामुळे कुठली प्रत नवी हे लगेच समजते. नुसत्या मजकुराला जागा फार थोडी लागते. दहा हजार मेसेजची फाइलही साधारण दहा एमबीच्या आतबाहेर, म्हणजे चांगल्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन फोटोंएवढी.

इंटरनेट लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात रेंज येत-जात असली तरी काही बिघडत नाही.

फसगत होते ती दोन ठिकाणी. मेमरी कार्ड पहिल्यांदा घातल्यावर काही फोन ते 'अंतर्गत मेमरी' म्हणून वापरायचे की 'पोर्टेबल' म्हणून, असे विचारतात. 'अंतर्गत' निवडले तर कार्ड त्या फोनपुरते कुलूपबंद होते. फोन बिघडला की ते दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये किंवा संगणकावर वाचता येत नाही, म्हणजे बॅकअप म्हणून ते निरुपयोगी. 'पोर्टेबल'च निवडावे. दुसरी जागा कार्डवरच्या 'अँड्रॉइड' फोल्डरमधला 'डेटा' हा भाग. तिथे ॲपने ठेवलेल्या फाइल त्या ॲपबरोबरच पुसल्या जातात. 'बॅकअप झाला, आता ॲप कशाला' म्हणून ते काढून टाकले की बॅकअपही जातो.

गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. ती सुरू असायला हरकत नाही. मात्र 'जुने मेसेज काढा' अशा नावाची साफसफाई करणारी ॲप बँकेच्या मेसेजवरही हात फिरवतात, त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. मेसेजेस ॲपमधले आरसीएस चॅट दिसायला एसएमएससारखेच असले तरी साठवण वेगळी असल्याने बॅकअपमधून सुटू शकते. बँकेचे नेहमीचे मेसेज बहुधा साधे एसएमएस असतात, पण ठेकेदाराशी किंवा मालकाशी झालेले बोलणे आरसीएसवर असू शकते. बॅकअपनंतर ते फाइलमध्ये आले का, हे तपासून घ्यावे.

फाइल उघडून पाहणे

बॅकअपची फाइल एक्सएमएल प्रकारची असते, म्हणजे साधा मजकूर. संगणकावर कुठल्याही ब्राउझरमध्ये ती उघडते. प्रत्येक मेसेजसोबत पाठवणाऱ्याचे नाव किंवा नंबर, वेळ आणि पूर्ण मजकूर दिसतो. वेळ दोन प्रकारे लिहिलेली असते. एक आपल्याला वाचता येणारी तारीख, आणि दुसरा तेरा आकडी क्रमांक, जो १ जानेवारी १९७० पासून उलटलेले मिलिसेकंद सांगतो. तो पाहून फाइल बिघडली असे समजू नये. मराठी मेसेजच्या जागी विचित्र चिन्हे दिसली तर फाइल यूटीएफ-८ पद्धतीने उघडावी, देवनागरी नीट दिसते. (एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची मात्र ७०. मराठी सरकारी मेसेज तुटक आणि आखडते असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.)

ही तपासणी टाळू नये. ॲपने 'पूर्ण झाले' म्हटले तरी कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून फाइल उघडते का आणि शेवटचा मेसेज कधीचा आहे, हे एकदा पाहावे. नकली मेमरी कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात आठच असतात आणि त्यापुढे लिहिलेले सगळे हवेत जाते.

गूगल आणि आयफोन

अँड्रॉइडचा स्वतःचा बॅकअप एसएमएसही घेतो आणि गूगल खात्यात ठेवतो. चांगली सोय आहे, सुरू ठेवावी. पण तिच्यावरच विसंबू नये. एरवी हा बॅकअप वाय-फायची वाट पाहतो आणि वाय-फाय फार थोड्या घरांत असते. परत भरणे होते ते नवा किंवा रिसेट केलेला फोन पहिल्यांदा सुरू करताना. एरवी त्यातला एखादा मेसेज उघडून वाचता येत नाही. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर हा बॅकअप पुसला जाऊ शकतो. चार-सहा महिने फोन घरी ठेवून भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला ही मुदत सहज ओलांडते.

आयफोनमध्ये एसएमएसची वेगळी फाइल कार्डवर काढण्याची सोय ॲपलने दिलेली नाही. संगणकाला जोडून पूर्ण फोनचा बॅकअप घेता येतो. मेसेज आयक्लाउडवर ठेवण्याचा पर्याय सुरू असेल तर ते या बॅकअपमध्ये येत नाहीत.

तक्रार किंवा कोर्टापर्यंत गेल्यास

एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणीही १,००० चे ३,००० करू शकतो. म्हणून नुसती फाइल म्हणजे भक्कम पुरावा नव्हे. तिचा खरा उपयोग म्हणजे तारीख आणि रक्कम हाताशी राहते. 'अमुक तारखेला अमुक रुपये वजा झाले' एवढे सांगता आले की बँकेला खाते उतारा काढून पडताळणी करणे सोपे जाते. फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर करतानाही व्यवहाराचे हेच तपशील विचारले जातात. फसवणारा मेसेज रागाने किंवा भीतीने पुसून टाकू नये, त्याचीही प्रत काढावी. स्क्रीनशॉट घेताना वरचे पाठवणाऱ्याचे नाव त्यात यायला हवे.

इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. विरोधातले उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरल्याचा दावा केला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलणारा तिचा ठसा, लिहावा लागतो.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. ज्या मेसेजवरून वाद सुरू आहे तो ज्या फोनवर आला, तो फोन वाद मिटेपर्यंत विकू नये, बदलीत देऊ नये, रिसेट करू नये. पडदा फुटला असेल तरी ठेवावा.

कार्ड कुठे ठेवायचे

बॅकअपच्या फाइलला आपोआप कुलूप नसते. कार्ड ज्याच्या हाती जाईल त्याला खात्यातली शिल्लक, नातेवाइकांचे नंबर, सगळे वाचता येते. झेरॉक्सच्या दुकानात एखादा मेसेज छापायचा असेल तर पूर्ण पेनड्राइव्ह देण्याऐवजी त्या एका मेसेजचा स्क्रीनशॉट न्यावा. फोन दुरुस्तीला देताना कार्ड आणि सिम आधी काढून घ्यावे.

बोर्डी, डहाणू, चिंचणी या किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या दमट हवेने कार्डाचे धातूचे टोक काळवंडते. घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, औषधाच्या बाटलीत येते तसली ओल शोषणारी पुडी घालून ते ठेवले तर पावसाळा निभावतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पेनड्राइव्हमधली माहितीही उडू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी नवी प्रत काढावी आणि जुनी लगेच पुसू नये. घरात अजून की-पॅडचा फोन असेल तर त्यातले महत्त्वाचे मेसेज वहीत उतरवणे हाच सर्वांत सोपा बॅकअप आहे. तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव आणि मेसेजमध्ये दिलेला व्यवहार क्रमांक एवढे लिहिले की पुरे.