वास घेतला आणि सही केली

दिवाळीत माझ्या बहिणीचा नातू डब्लिनहून आला. मुंबईहून रात्रीच्या गाडीने बडनेरा जंक्शनला उतरला आणि घरी चहा व्हायच्या आत बॅगेतून एक बाटली काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. "आबा, ही तुमच्यासाठी." आयरिश व्हिस्की! आमच्या सौ.ने एकदा बाटलीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेल्या. (नातेवाईकांनी गैरसमज करून घेऊ नये. वर्षातून दोनदा, तेही डॉक्टरांना सांगून!)

तर ही व्हिस्की म्हणे दोन पिंपांतली. आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे तिथली व्हिस्की किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरावी लागते. ही त्यानंतर आणखी काही महिने पोर्ट वाइनच्या रिकाम्या पिंपात ठेवलेली. ज्या बरणीत वर्षानुवर्षे आंब्याचे लोणचे मुरले, ती कितीही धुतली तरी तिच्यात ठेवलेल्या वस्तूला लोणच्याची याद येतेच, तसाच हा प्रकार. नातवाने रीत शिकवली. पेला नाकाजवळ न्यायचा, तोंड किंचित उघडे ठेवायचे, चार थेंब पाणी घालायचे, मग परत वास घ्यायचा. "आणि काय वाटतं ते लिहून ठेवा आबा, सगळे लिहितात."

मास्तरला लिहायला सांगितल्यावर काय! मी वही काढली. मनुका, जायफळ, पावसात भिजलेले लाकूड, घोट गेल्यावर घशात सुंठीसारखी ऊब. एवढे लिहिले आणि पेन थांबले. कारण दारूचा वास घेऊन तो कागदावर उतरवण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती.

१९७५ साली मी धारणी तालुक्यातल्या एका कोरकू गावात शिक्षक होतो. बी.ए. होऊन फार दिवस झाले नव्हते, अंगात सुधारणेचा उत्साह भारी. एका सकाळी खात्याची जीप शाळेसमोर थांबली. "मास्तर, पंच पायजे. तुम्ही सरकारी माणूस, चला." गेलो. एका झोपडीमागे चुलीवर मडके, त्यावर दुसरे भांडे, बाजूला मोहाच्या फुलांचा सडवा. झोपडी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या आजीची. शिपायाने बाटली माझ्या नाकाशी धरली. "वास घ्या अन् सही करा." पंचनाम्यात वाक्य आधीच लिहून तयार होते : सदर द्रवास गावठी दारूसारखा उग्र आंबट वास येत असल्याची पंचांची खात्री झाली. मी वास घेतला आणि सही केली. मग मडकी फोडली गेली. सडवा मातीत सांडला, आणि दिवसभर गावात मोहाचा गोड वास पसरून राहिला.

गंमत पहा, पंचनामा हीसुद्धा चवीची नोंदच की! फक्त शब्द दोनच, उग्र आणि आंबट. खरे तर त्या बाटलीतला वास मुळीच आंबट नव्हता. आंबट होता तो सडवा. बाटलीतला वास वाळलेल्या फुलांचा होता, थोडा धुराचा. पण सही झाली होती.

त्या आजीची पारख माझ्यापेक्षा किती पुढे होती, हे मला नंतर कळले. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबू द्यायची, मग मडक्यात उकळायची. वरच्या भांड्यात गार पाणी असते, त्याला लागून वाफेची दारू होते. ते पाणी तापले की बदलायचे, आणि किती वेळा बदलले यावरून दारूचा जोर ठरवायचा. बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघायचे. विस्तवावर थोडी शिंपडून भडका बघायचा. "पहिल्या धारेची" हा आपला शब्द याच भट्टीतून आलेला आहे. कोरकूंच्या भाषेत या दारूला सिडू म्हणतात. लग्न असो की मयत, आधी थेंब देवापितरांना, मग माणसांना.

साहेबाची पारख तरी सुरुवातीला याहून वेगळी कुठे होती? विलायतेत म्हणे बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवून बघत. पेटली तर मद्य "प्रूफ"ला उतरले. पुढे साइक्स नावाच्या माणसाचे काचकाट्यासारखे तरंगते मापयंत्र आले आणि १८१६ च्या कायद्याने तिथे तेच प्रमाण ठरले. तेच यंत्र इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आले. आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो, हे मला त्या रात्री उमगले. प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचा पाऊण हिस्सा ४२.८. साहेब गेला, त्याचे माप लेबलवर राहिले!

मापाबरोबर कर आला आणि कराबरोबर मक्ता. घरची भट्टी हा गुन्हा झाला. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा झाला, ठाणे-कुलाब्याकडे नुसती फुले बाळगण्यावरही बंधने आली. १९५६ मध्ये आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडेही आला. माझी सही त्याच कायद्याखालची.

आता आयर्लंडकडे बघा. तिथेही १६६१ पासून दारूवर कर बसला आणि खेड्यातली घरगुती दारू, जिला ते पोचीन म्हणतात, चोरटी ठरली. डोंगराळ भागात छापे, मारामाऱ्या, सगळे आपल्यासारखेच. ईनियस कॉफी नावाच्या एका अबकारी अधिकाऱ्याला १८१० मध्ये डोनेगलकडे भट्टीवाल्यांनी अर्धमेला केला होता. त्याच कॉफीने पुढे १८३० मध्ये नव्या तऱ्हेच्या भट्टीचे पेटंट घेतले! तर हे पोचीन १९९७ मध्ये तिथे पुन्हा कायदेशीर झाले. आज त्याच्यावरही लोक मनुका-जायफळ लिहीत असतील.

आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेळघाटच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला "हेरिटेज" म्हणून मान्यता दिली. आपल्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरची बंधने काढली. म्हणजे फुले मोकळी झाली.

मी दारूचे गोडवे गात नाही. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत दारूने बुडालेली घरे मी मोजली आहेत, विजय मिलच्या चाळीतली आणि मेळघाटातलीही. गडचिरोलीच्या लोकांनी आंदोलन करून १९९३ मध्ये दारूबंदी आणली ती उगाच नाही. २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. पण ती मोहाची नव्हती, तिच्यात मिथेनॉल होते. त्या आजीने मिथेनॉल कधी पाहिलेही नसेल.

मला खुपते ते एवढेच की पारख दोघांकडे होती, पण एकाच्या पारखीला आपण रसिकता म्हणालो आणि दुसरीच्या पारखीचा पंचनामा केला. आणि तो पंच मी होतो. आजीला दंड झाला. तिचा नातू त्यानंतर शाळेत आला नाही. पाढे त्याचे उत्तम होते. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे महिनाभर "गै" लिहीत राहिलो, घरी जाऊन बोलावण्याचे धैर्य काही झाले नाही.

असो. आयरिश बाटली कपाटात आहे, पाव कमी झालेली. वहीत तिची चार ओळींची नोंद आहे. खाली मी "मोह" असे लिहून जागा सोडली आहे. ती भरता येत नाही. मी मोहाची दारू जन्मात चाखलेली नाही. वास घेतला, तो सहीपुरता.