शाळेचें छप्पर आणि लोकांची वर्गणी



शाळेच्या छपरावर सौर पॅनेलें बसवून उन्हापासून वीज करावयाची, आणि त्यांचा खर्च सरकारी तिजोरीवर न टाकतां लोकांनीं आपसांत पैसा उभारून भागवावयाचा, ही गोष्ट गेल्या पंधरा वर्षांत अनेक ठिकाणीं घडली आहे. ह्यांतील पॅनेलें नवीं आहेत. वर्गणी मात्र जुनी आहे. त्या वर्गणीचा इतिहास पाहिल्यावांचून ह्या पॅनेलांचें भवितव्य नीट उमगावयाचें नाहीं, असें वाटल्यावरून आज त्या इतिहासाकडे आपलें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे.

थोडथोडें देऊन सार्वजनिक काम उभारावें, ही रीत आपल्याकडे परकी नाहीं. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं गांवोगांव हिंडून माणशीं एक पैसा मागितला, आणि त्या पैसाफंडांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षीं पणजीस, पोर्तुगीज अंमलाखालीं, मराठी शिक्षणासाठीं मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरीं रोजच्या शिध्यांतून मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे व त्यांवर शाळा चालवावयाची, अशी तिची कल्पना होती. पुढें १९१९ मध्यें कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या वसतिगृहांनाहि अशाच मुठीमुठीच्या धान्याचा आधार मिळाला. मुष्टिफंडाचा विशेष असा कीं, तो एकदां देऊन संपत नाहीं. मूठ रोज काढावी लागते, आणि ती काढणाऱ्या गृहिणीला शाळेची आठवणहि रोज राहते.

आतां विजेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. प्रकाशापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें एडमंड बेकेरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३९ मध्यें दाखविलें. त्याचा व्यवहारांत उपयोग होण्यास शतकाहून अधिक काळ लोटला. १९५४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या त्रयीनें सिलिकॉनचा असा घट बनविला कीं, त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकीं सुमारें ६ टक्के शक्ति विजेच्या रूपानें हातीं येई. परंतु हा घट इतका महाग होता कीं, १९५८ मध्यें आकाशांत गेलेल्या व्हॅन्गार्ड उपग्रहासारख्या कामींच तो परवडे. शाळेच्या छपरास तो शोभेल असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. एकविसाव्या शतकांत त्याच्या किंमती झपाट्यानें उतरल्या, आणि मगच शाळांनीं त्याकडे डोळे वळविले.

ह्या बाबतींत इंग्लंडचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तो देश सहकाराचें माहेर. १८४४ च्या डिसेंबरांत रॉचडेल येथें २८ सामान्य माणसांनीं प्रत्येकीं एक पौंड घालून दुकान उघडलें, व कोणाचे पैसे कितीहि असोत, सभासदास मत एकच, हा दंडक सहकारी चळवळीस घालून दिला. १ एप्रिल २०१० रोजीं ब्रिटिश सरकारनें छपरांवर होणाऱ्या विजेच्या प्रत्येक युनिटामागें ठराविक रक्कम पंचवीस वर्षें देण्याची हमी घेतली. राहत्या घरांवरील लहान संचांस आरंभीं हा दर युनिटामागें ४१.३ पेन्स होता. शाळांच्या मोठ्या संचांस तो कमी असला तरी हमी तीच होती. एवढ्या बळावर शाळांपुढें दोन मार्ग खुले झाले.

पहिला मार्ग देणगीचा. टेन-टेन ह्या लोकसंस्थेनें २०११ पासून शाळांना वर्गणी जमविण्याची पद्धत शिकविली. छपरावरील पॅनेलांचे जणूं चौकोन पाडून एकेका चौकोनाची लहानशी किंमत ठरवावयाची, आणि आईबापांनीं, आजीआजोबांनीं, माजी विद्यार्थ्यांनीं तो चौकोन शाळेसाठीं विकत घ्यावयाचा. पॅनेलें शाळेच्या मालकीचीं होत आणि विजेचा सर्व लाभ शाळेस मिळे.

दुसरा मार्ग भागांचा. २०१४ मध्यें निघालेल्या स्कूल्स एनर्जी को-ऑपरेटिव्ह ह्या संस्थेनें लोकांस भाग विकून भांडवल उभें केलें आणि निरनिराळ्या शाळांवर पॅनेलें चढविलीं. शाळेस पदरचा पैसा घालावा लागत नाहीं. ती छपरावरची वीज संस्थेकडून नेहमींच्या दराहून स्वस्त घेते. भागधारकांस माफक व्याज मिळतें, आणि उरलेली शिल्लक शाळांच्या वाट्यास येते. देखभाल व दुरुस्ती हें संस्थेचें काम.

दोहोंतील भेद सूक्ष्म दिसला तरी महत्त्वाचा आहे. देणगी देणारा उद्घाटनाच्या दिवशीं टाळ्या वाजवून घरीं जातो. भागधारक दरसालच्या सभेस येतो, हिशेब मागतो, आणि यंत्र बंद पडलें तर तें कां बंद पडलें असें विचारतो. पॅनेल पंचवीस वर्षें टिकतें. परंतु त्याची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर त्या अवधींत एकदां तरी बदलावा लागतो. त्या दिवशीं पैसे कोण देणार, हा प्रश्न भागांच्या पद्धतींत आरंभींच सुटलेला असतो. देणगीच्या पद्धतींत तो शाळेस स्वतःच सोडवावा लागतो.

परंतु लोकांची एकी कितीहि असली तरी सरकारचा शब्द डळमळला म्हणजे काय होतें, हेंहि इंग्लंडनेंच दाखविलें. ३१ ऑक्टोबर २०११ रोजीं सरकारनें असा प्रस्ताव मांडला कीं, १२ डिसेंबरनंतर बसविलेल्या लहान संचांचा दर ४३.३ पेन्सांवरून २१ पेन्सांवर आणावा. अवघ्या सहा आठवड्यांची ही सवड; आणि ह्या प्रस्तावावर लोकांचीं मतें मागविण्याची मुदत मात्र २३ डिसेंबरपर्यंत होती! मोठ्या संचांच्या दरांसहि कात्री लावण्याचें त्यांत होतें. व्यापारी सहा आठवड्यांत धांवपळ करूं शकतो. शाळेस समितीची सभा, वरिष्ठांची परवानगी, छपराची तपासणी आणि सुट्टीची वाट ह्या सर्वांतून जावें लागतें. न्यायालयांनीं ही घाई बेकायदेशीर ठरविली, तरी दर २०१२ मध्यें उतरलेच. २०१६ च्या आरंभीं ते पुन्हां फार खालीं आले, आणि ३१ मार्च २०१९ रोजीं ही योजना नव्या अर्जदारांस बंद झाली. ज्यांची नोंद आधीं झाली होती त्यांचे करार कायम राहिले; ज्या शाळा मागें राहिल्या त्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

हा इतिहास आपल्या कामाचा आहे, कारण महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या शाळाहि ह्याच वाटेवर आहेत. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयानें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास जिल्हा परिषदांच्या पुष्कळ शाळांत गांवकऱ्यांच्या वर्गणींतून संगणक व प्रोजेक्टर आले. त्यांबरोबर विजेचें बिलहि वाढलें. बिल थकलें म्हणजे जोडणी तुटते, आणि जोडणी तुटली म्हणजे वर्गणीनें आलेला संगणक कपाटांत जातो. म्हणून कित्येक गांवांनीं पुन्हां वर्गणी करून छपरावर पॅनेलें बसविलीं.

ह्या कामीं निसर्ग आपणांस अनुकूल आहे. एक किलोवॅटच्या पॅनेलांस सुमारें १०० चौरस फूट जागा लागते, आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी काढल्यास तीं दिवसास चार युनिटांच्या आसपास वीज देतात. शाळेची वेळ तीच उन्हाची वेळ. तेव्हां वीज सांठविण्याचा खटाटोप फारसा करावा लागत नाहीं. मे महिन्यांत मात्र ऊन भरपूर आणि शाळा बंद, अशी विसंगति असते. त्यावर उपाय म्हणजे जास्तीची वीज तारांवाटे वीज कंपनीस देऊन ती बिलांत वळती करून घेणें. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१५ मध्यें ह्या नेट मीटर पद्धतीचे नियम केले. ह्याची सोय न करतां केवळ बॅटरीवर संच उभारला, तर चार-पांच वर्षांत बॅटरी निकामी होते, आणि छपरावर चांगलीं पॅनेलें असून वर्गांत अंधार राहतो.

येथें एक आक्षेप ध्यानांत घेतला पाहिजे, आणि तो खरा आहे. बागाईत गांव एका ग्रामसभेंत लाख रुपये जमवील. ऊसतोडीस गेलेल्या माणसांच्या तांड्यानें काय जमवावें? जेथें आईबाप सुस्थितींत आहेत तेथें वर्गणी लवकर भरते, हें कोणत्याहि देशांत खरें आहे. शाळेस वीज पुरविणें हें सरकारचें कर्तव्य आहे, आणि लोकवर्गणीच्या कौतुकाआड तें कर्तव्य दडतां कामा नये. पणजीचे तांदूळ परक्या राजवटींत जमले. स्वराज्यांत लोकांनीं मूठ काढली तर ती सरकारच्या हिश्श्याच्या जागीं नव्हे, त्याच्या जोडीस असली पाहिजे. शिवाय अनेक शाळांची मिळून एक संस्था झाली, तर सधन गांवाच्या छपरावरील शिल्लक निर्धन पाड्याच्या छपरास उपयोगी पडेल. एकेकट्या गांवानें एकेकटी वर्गणी केली, तर हें कधींच साधावयाचें नाहीं.

भाग घालून मालक होण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें प्रवरेकांठच्या शेतकऱ्यांनीं भाग घेऊन साखर कारखाना उभारला, आणि १९५०-५१ मध्यें त्याचा पहिला हंगाम झाला. कारखान्याचे भाग घेणाऱ्या गांवांना शाळेच्या छपराचे भाग अवघड वाटूं नयेत. तेव्हां, श्रोतेहो, आपल्या गांवच्या शाळेसाठीं वर्गणीची वही आपल्या दारीं आली, तर अवश्य द्या. मात्र वहीवर आंकडा घालण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: संच कोणाच्या नांवें राहणार, दुरुस्तीचा पैसा कोठून येणार, आणि दरसाल हिशेब कोणत्या सभेपुढें मांडला जाणार? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं, तर आज पहिलींत बसलेलें मूल शाळा सोडून जाईल तेव्हांहि त्या छपरावर वीज होत असेल.