सायनाइडमुक्त पृष्ठकठिनीकरण
पोलादी भागाचा गाभा चिवट ठेवून फक्त पृष्ठभाग कठीण करण्याच्या, सायनाइड लवणे टाळणाऱ्या पद्धती. जुन्या रीतीत गिअर, पिना वगैरे सुटे भाग सुमारे ८५०° से. तापलेल्या सोडियम सायनाइडाच्या रसात बुडवत. कार्बन व नायट्रोजन पोलादात मुरत. काम झटपट होई, पण उरलेल्या लवणाला आम्ल लागले की प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि धुण्याचे पाणीही विषारीच.

पर्यायांत अमोनिया मुख्य. सुमारे ५००–५५०° से. तापलेल्या पोलादावर त्याचे विघटन होते व नायट्रोजन आत शिरतो; हेच नायट्रीकरण. नंतर तेलात विझवावे लागत नाही, म्हणून भाग फारसा वाकत नाही. मात्र थर पातळ आणि भट्टीत तासन्‌तास जातात.

युरियाचाही पृष्ठकठिनीकरणाशी संबंध येतो: त्यापासून मिळणारी सायनेट लवणे सायनाइडहून पुष्कळ कमी विषारी असून नायट्रीकरणाच्या कुंडात वापरतात. कुंड चालताना थोडे सायनाइड तयार होतेच, त्यामुळे सांडपाण्यावरील प्रक्रिया चुकत नाही. अमोनियाही निरुपद्रवी नव्हे. गळती डोळे व फुप्फुसे पोळते. आयन नायट्रीकरणात तोही टाळता येतो: कमी दाबाच्या भट्टीत नायट्रोजन–हायड्रोजन मिश्रणातून विद्युत विसर्ग घडवतात.